वीस आणि एकोणीस

(ग्वाल्हेर इथं माजी सैनिक आणि त्यांच्या मुलांसमोर केलेलं भाषण)



मी बेळगावकडचा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आमच्या गावात, मुरारची छावणी तुमच्या शेजारी. शिंद्यांच्या काळात इकडं आलेल्या घरांत काय किंवा आमच्या सीमाभागात काय, भिंतीवर वर्दीतला एक फोटो असतोच. आज त्या घरातल्या ट्रंकेतल्या कागदाबद्दल बोलायचंय.

नोकरीत गुडघा, कान, मणका गेला की मेडिकल बोर्ड अपंगत्वाचा टक्का लिहितं. ते सैन्यसेवेमुळं आलं किंवा वाढलं असं मान्य झालं आणि टक्का किमान 20 असला, तर अपंगत्व पेन्शन मिळते. 50 च्या आतला टक्का पेन्शनसाठी 50 धरतात. शेवटचा पगार 40,000 धरा. शंभर टक्क्यांना त्याचे 30 टक्के, म्हणजे 12,000. पन्नासला 6,000. आता बघा, 20 लिहिलं तर महिन्याला 6,000 आणि 19 लिहिलं तर शून्य! एका टक्क्यात घरचं औषधपाणी अडकलेलं असतं.

मग हा टक्का कुणीही कमी करू शकतं का? नाही. सॅपर मोहिंदर सिंग यांच्या प्रकरणात पेन्शनच्या हिशेब खात्यानं बोर्डाचा टक्का खाली आणला होता. 14 जानेवारी 1993 ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की जवानाला न तपासता, दुसरं बोर्ड न बसवता हिशेब खात्याला डॉक्टरांच्या मतावर बसता येणार नाही. ज्यानं गुडघ्याला हात लावला नाही, त्यानं टक्का कापायचा नाही.

पुढचे निकालही लक्षात ठेवा. धरमवीर सिंग, 2013: भरतीवेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान धडधाकट होता असं धरायचं आणि शंकेचा फायदा त्यालाच. सुखविंदर सिंग, 2014: अपंगत्वामुळं नोकरीतून काढलं असेल, तर ते 20 टक्क्यांच्या वरच आहे असं मानायचं. 21 सप्टेंबर 2023 नंतर बाहेर पडणाऱ्यांना मात्र नवे नियम लागू आहेत, ते वेगळे वाचा.

करायचं काय? बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत मागा. आदेशाची तारीख बघा, पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत करा. तिथं नाही म्हणाले तर दुसरं अपील, त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. निवृत्त माणूस राहत्या ठिकाणच्या खंडपीठाकडं जाऊ शकतो. तुमच्यासाठी ते जबलपूर. चंदगडच्या जवानासाठी मुंबई आणि शेजारच्या बेळगावच्या जवानासाठी कोची! रेजिमेंट एक, भाषा एक, पण मध्ये राज्याची हद्द. एवढ्या लांब जायचं म्हणूनच कितीतरी म्हातारे गप्प बसतात.

उशीर झाला असला तरी आशा सोडू नका. तरसेम सिंग 1983 ला बाहेर पडले आणि 1999 ला कोर्टात गेले. 2008 ला सर्वोच्च न्यायालयानं हक्क मानला, थकबाकी मात्र अर्जाआधीच्या सुमारे तीनच वर्षांची दिली. हक्क राहिला, मधली वर्षं गेली.

पोरांनो, आजोबांना लढाईच्या गोष्टी विचारता ना? यावेळी टक्का विचारा. आणि मोबाईलवर त्या कागदाचा फोटो काढून ठेवा.

जय हिंद, जय महाराष्ट्र!