स्वामी रामानंद तीर्थ आणि कष्टकऱ्याचे मत



स्वामी रामानंद तीर्थ हे नाव नांदेड-लातूरकरांना नवे नाही. नांदेडचे विद्यापीठ त्यांच्याच नावाचे. दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण त्यांच्या प्रतिमेला हार घालतो. आज आम्ही त्यांच्या चरित्राची एकच बाजू मांडणार आहोत. कष्टकऱ्याला मत मिळावे ते कोणत्या नात्याने, हा तो प्रश्न. आम्ही पंडित नव्हे. युनियनच्या कचेरीत वर्गणीच्या पावत्या फाडता फाडता जे वाचले, त्याच्या आधारानेच बोलणार.

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. संन्यासी आणि शिक्षक म्हणून ते आपल्याला ठाऊक आहेत. पण हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळेत येण्यापूर्वी त्यांनी कामगार चळवळीत ना. म. जोशी यांचे चिटणीस म्हणून काम केले होते. हे जोशी १९२१ पासून दिल्लीच्या कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडत. पण त्यांना तेथे पाठवले कोणी? कामगारांनी नव्हे, सरकारने. जोशींची निष्ठा निष्कलंक होती. तरीही ज्यांच्यासाठी ते भांडत, त्यांना आपला माणूस निवडण्याचा वा बदलण्याचा अधिकार नव्हता. गिरणीत चार-चार मागे सांभाळणाऱ्याला हे सरकार राज्याच्या कारभारात अज्ञान समजत होते!

आता आपल्या मुलखाकडे येऊ. निजामी राज्यात तर एवढेही नव्हते. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. २४ ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची. राज्य चालवणाऱ्यांनी लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींना जाब द्यावा, एवढाच तिचा अर्थ.

जुलै १९३९ मध्ये निजाम सरकारने सुधारणा जाहीर केल्या. त्यांत प्रतिनिधी निवडायचे ते धंदेवार: जहागीरदारांचे वेगळे, शेतकऱ्यांचे वेगळे, व्यापाऱ्यांचे, वकिलांचे, डॉक्टरांचे, पदवीधरांचे वेगळे. कामगारांनाही जागा होती. मात्र मंत्रिमंडळ या सभेला नव्हे, निजामालाच जबाबदार राहणार होते. १९४६ साली या योजनेनुसार निवडणुका आल्या, तेव्हा स्वामीजी अध्यक्ष असलेल्या स्टेट काँग्रेसने त्यांवर बहिष्कार टाकला.

येथे आमचे युनियनचे सोबती विचारतात, "कामगाराला आयती जागा मिळत होती, ती का सोडावी?" प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर आम्ही आमच्या अनुभवाने देतो. नांदेडची उस्मानशाही गिरणी आठवा. तिच्या भोंग्यावर या गावाची घड्याळे लागत. आज ती गिरणी बंद आहे. कामगाराचे मत गिरणीच्या हजेरीपटावर अवलंबून असते, तर पट फाटला त्या दिवशी मतही गेले असते. मग कोणी रिक्षा ओढली, कोणी भाजी विकली. त्यांना कोणत्या यादीत बसवायचे? लातूरच्या आडतीवर पोती वाहणारा हमाल, वर्षाच्या बोलीवर राबणारा सालगडी, निंदणीला जाणारी बाई, यांचे काय? धंदा सुटतो, माणूसपण सुटत नाही. म्हणून मत माणसाला हवे, धंद्याला नको.

१५ ऑगस्ट १९४७ ला स्वामीजी पुन्हा कैदेत गेले. पुढे घटना आली आणि प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला एक मत मिळाले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशात सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते. १९५२ साली स्वामीजी गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले. जहागीरदाराचे आणि त्याच्या सालगड्याचे मत तेव्हा सारखेच मोजले गेले.

तर मग काम संपले काय? बंधुभगिनींनो, नाही. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान झाले आणि ऊसतोडीचा हंगामही त्याच सुमाराचा. आपल्या भागातील टोळ्या उचल घेऊन कोयता खांद्यावर टाकून परमुलखात जातात. नाव गावच्या यादीत, माणूस फडावर! जानेवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने परगावी राहणाऱ्यांसाठी दूरस्थ मतदानयंत्राचा नमुना पक्षांपुढे ठेवला, पण २०२४ च्या निवडणुकांपर्यंत तो वापरात आला नव्हता. भरपगारी सुट्टीचा कायदा आहे. पण जिथे कोयत्याच्या हिशेबाने मजुरी, तिथे सुट्टी कोण मागणार आणि येण्याजाण्याचे भाडे कोण भरणार?

आमचे मागणे साधे आहे. मुकादमाशी करार होतो तेव्हा मतदानाच्या दिवसाचे आणि भाड्याचे कलम त्यात घाला, यासाठी युनियनने झगडावे. फडावरच मत देण्याची सोय व्हावी, यासाठी आपण शहरवासीयांनी आवाज उठवावा. कारण हे मागणे ऊसतोड्यांच्या धंद्याचे नाही. ते तुमच्या-आमच्यासारख्या नागरिकांचे आहे. हार वर्षातून एकदा घालता येतो. ही कामे मात्र दसऱ्यापूर्वी, टोळ्या गाव सोडण्याआधी करावी लागतात.