कुणी न घेतलेली जोखीम



विमावाल्यांना पुणे म्हटले की बालेवाडीची, 1980 साली स्थापन झालेली नॅशनल इन्शुरन्स अकॅडमी आठवते. अस्सल पुणेकर मात्र पाहुण्याला आधी 1870 सालात नेणार. पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी तक्रारी होत्या. त्यातून 2 एप्रिलला सार्वजनिक सभा उभी राहिली. सुमारे सहा हजार लोकांनी मुख्त्यारपत्रांवर सह्या करून आपले 95 प्रतिनिधी नेमले होते. सभेचा प्राण गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका. 1877 च्या दिल्ली दरबारात हा वकील हातच्या सुताच्या खादीत मिरवला. 1879 साली क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणे. तेही काकांनी घेतले. आता काका म्हटले की नव्या पुणेकराला हलवाई आठवतात!

‘याचा विमा-दलालांच्या परिषदेशी संबंध काय?’ असे कार्यवाहांनी या भाषणाचा खर्डा पाहून विचारलेच. संबंध मुख्त्यारीचा. दलाल गिऱ्हाइकाचा मुख्त्यार, पण दलाली देते कंपनी. साध्या दुकानाच्या विम्यात हे खपून जाते. लाकडाची वखार किंवा फटाक्यांचे गोदाम असले की गिऱ्हाईक अडते, मिळेल त्या हप्त्याला मान डोलावते. आणि दलाली टक्क्यांत असली की हप्त्याबरोबर तीही चढते. मालमोटारींचा तृतीय-पक्ष विमा कंपन्यांना नकोसा झाला, तेव्हा 1 एप्रिल 2012 पासून नाकारलेल्या जोखमींचा सामाईक पूल करावा लागला. विमा नियामकाच्या 2023 च्या नियमांनी प्रत्येक प्रकारच्या विम्यावरची दलालीची वेगळी मर्यादा उठवली. सर्वसाधारण विमा कंपनीच्या एकूण व्यवस्थापन-खर्चाला हप्त्यांच्या 30 टक्क्यांचे कुंपण ठेवले. अडलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? गिऱ्हाइकाने विचारल्यास दलालाने दलाली सांगावी, असे 2018 च्या नियमांत आहेच. विचारतो कोण?

आता क्षमायाचना. वाहनतळ अपुरा आहे, मागच्या रांगांपर्यंत आवाज पोचत नाही, दोघा प्रतिनिधींच्या बिल्ल्यांची अदलाबदल झाली आहे. रात्र जागून बिल्ले छापणारा छापखाना, उधारीवर मांडव घालणारे, चकल्या पाठवणारा महिला बचतगट आणि नाव न छापण्याच्या अटीवर घसघशीत देणगी देणारे भवानी पेठेतले व्यापारी, सर्वांचे ऋण स्वागत समितीवर आहे. कुणाचे आभार राहिले असल्यास त्यांनी रागावू नये.

विचारण्याची वाट न पाहता दलालीचा आकडा पॉलिसीच्या पहिल्या पानावर छापावा, एवढा ठराव या परिषदेने करावा, ही विनंती. जेवणाची कुपने मात्र दीडच्या आत वापरावीत.