'साइट चालत नाही' म्हणजे काय?



शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपत आली की घरोघरी एकच वाक्य ऐकू येते : 'साइट चालत नाही.' वडील म्हणतात, पोरानेच भलते बटण दाबले असेल. आणि पोर बिचारे रडकुंडीला येते. पण 'चालत नाही' हे निदान नव्हे. नुसते 'दुखते' म्हटल्यावर कोणता डॉक्टर औषध देतो?

पडद्यावर आकडा आला असेल तर तो आधी वाचावा. ४०४ आला म्हणजे सर्व्हर जागा आहे, त्याने आपल्याला उत्तरही दिले. मागितलेले पान मात्र त्याच्याकडे नाही. तेव्हा पत्ता अक्षर न् अक्षर तपासावा. ५०० किंवा ५०३ असेल तर बिघाड पलीकडचा. ५०३ बहुधा गर्दीमुळे किंवा दुरुस्तीमुळे येतो. तेथे मुलावर रागावून उपयोग नाही आणि बटण सारखे दाबूनही नाही, कारण त्या गर्दीत आपणच भर घालतो. आकडा नसून 'सर्व्हर सापडत नाही' असे दिसले, तर दुसरी एखादी साइट उघडून पाहावी. तीही उघडली नाही तर आपलीच जोडणी तपासावी. सुरक्षिततेचा इशारा आला तर फोनवरची तारीख पाहावी. ती चुकलेली असली की चांगले प्रमाणपत्रही बाद ठरते. तारीख बरोबर असूनही इशारा राहिला, तर तेथे आपली माहिती मुळीच भरू नये.

दि. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी रात्री व्हॉट्सॲप बंद पडले, तेव्हा आपले फोन बंद-चालू करून काही होणार नव्हते. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने फेसबुक कंपनीच्या केंद्रांना जोडणारे जाळेच तुटले, आणि नावावरून पत्ता सांगणारे तिचे सर्व्हर जगाला दिसेनासे झाले. घर शाबूत, पण वाट बुजलेली! दुरुस्तीची साधनेही त्याच जाळ्यावर होती, म्हणून सुमारे सहा तास गेले. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत. मग आपल्या मुलाला दोष का द्यावा?

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, अर्ज अडला तर पडद्याचे चित्र घ्या. त्यात आकडा, पत्ता आणि वेळ दिसू द्या. दुसऱ्या फोनवरून, दुसऱ्या जोडणीवरून एकदा पाहा आणि तेही टिपून ठेवा. मदतकेंद्राला 'साइट बंद आहे' असे न लिहिता हे सारे लिहा. मुदत वाढवून मागण्याची वेळ आली, तर दाखवायला हाच कागद हाती असतो.