परदेशी नोकरी : आमिष आणि कायद्याचे संरक्षण
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



कोकणातील आपल्या अनेक घरांच्या चुली आखाती देशांतील कमाईवर पेटल्या. त्या कष्टांचा आपणांस अभिमान आहे. परंतु याच वाटेवर माणसांचा व्यापार करणारेही दबा धरून बसलेले असतात.

आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने माणसांचा व्यापार व वेठबिगारी यांस बंदी केली आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने परदेशी नोकरभरती करणाऱ्या एजंटाला सरकारी नोंदणी सक्तीची केली. त्याला उमेदवाराकडून ३० हजार रुपये व त्यावरील कर याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टावर सामान्यतः ‘ईसीआर’ असा शेरा असतो. अशांना आखातासारख्या ठरावीक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारची परवानगी लागते व त्या वेळी करारपत्र तपासले जाते.

तेव्हा दहावी झाली म्हणजे चिंता मिटली काय? नाही! ही तपासणी टळते, म्हणून शिकलेल्याने स्वतःच अधिक सावध राहावे लागते. थायलंडमध्ये संगणकाची नोकरी देतो म्हणून नेलेल्या तरुणांना म्यानमारमध्ये डांबून, त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामे करून घेण्यात आली. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने अशा ५४९ जणांना विमानाने मायदेशी आणले.

पालकहो, फसलेला मुलगा परत आला, तर “तू स्वखुशीनेच गेलास ना?” असे म्हणून त्याला हिणवू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमानुसार मानवी तस्करीचा गुन्हा ठरवताना पीडिताची संमती विचारात घेतली जात नाही. गुन्हेगारास किमान ७ वर्षे सक्तमजुरी आहे. नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. पण लाजेपोटी तक्रारच झाली नाही, तर कायदा काय करणार?

म्हणून मुलामुलींना निरोप देण्यापूर्वी एवढे पाहा : एजंटाची नोंदणी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर आहे काय? व्हिसा नोकरीचा आहे की पर्यटनाचा? करारपत्रातील पगार व काम स्वतः वाचले काय? पैशाची पावती मिळाली काय? कागदपत्रांच्या प्रती घरी ठेवा. अडचण आल्यास त्या देशातील भारतीय वकिलातीशी संपर्क साधा; बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

विद्यार्थी मित्रहो, सही करण्यापूर्वी कागद वाचणे आणि प्रश्न विचारणे, हाही शिक्षणाचाच भाग आहे. घरात ज्यांना वाचता येत नाही, त्यांचे कागद तुम्ही वाचून दाखवा.