यंत्र आलं, पण कुणासाठी?

आज आपण सिनेमातल्या एका गाण्याविषयी बोलणार आहोत. गाणं जुनं आहे, पण विषय आपल्या आजच्या मजुरीचा आहे.

‘नया दौर’ हा बी. आर. चोप्रा यांचा १९५७ सालचा हिंदी सिनेमा. लग्नाच्या वरातीत बँडवाले देशाचं जे जोशातलं गाणं वाजवतात आणि सगळे नाचतात, ते याच सिनेमातलं. दिलीपकुमार यात शंकर टांगेवाला आहे. गावात कुणी लाकूड कापून पोट भरतं, कुणी देवळाला येणाऱ्या भाविकांना टांग्यातून नेतं. शेठजी यात्रेला जातात आणि मुलगा कारभार हाती घेतो. तो विजेची करवत आणतो, कामगार घरी बसतात. मग तो बस आणतो, टांगेवाल्यांच्या चुली विझायची वेळ येते. याला पुस्तकात भांडवलशाही म्हणतात. पैसा ज्याचा, निर्णय त्याचा. घाम गाळणाऱ्याला कुणी विचारत नाही.

शेवटी पैज लागते, टांगा पुढे की बस? त्यासाठी जवळचा रस्ता बांधायचा असतो. सुरुवातीला गाव मागे सरतं, मग एकेक जण कुदळ-फावडं घेऊन येतो. इथे साहिर लुधियानवींचं आणि ओ. पी. नय्यर यांच्या संगीतातलं ते गाणं येतं. त्यात वेगळा नाच नाही. कुदळ वर जाते, खाली येते, पाट्या या हातातून त्या हातात जातात, तोच ठेका आणि तोच नाच. बायाही नुसत्या बघत उभ्या नाहीत, ओझं उचलतात. शेठच्या मुलाकडे पैसा आहे, यांच्याकडे एकमेकांचे हात आहेत. गाण्यातून निषेध होतो तो असा, घोषणा न देता.

आपल्यालाही हे नवं नाही. जात्यावर ओव्या होत्या. पिठाची गिरणी आली, ओव्या गेल्या, पण पहाटेचे कष्टही वाचले. म्हणून यंत्र वाईट, असं आपण म्हणत नाही. सिनेमाही तसं म्हणत नाही. शेवटी शंकरचं मागणं एवढंच, की यंत्रही राहो आणि माणूसही जगो.

आज शेतात हार्वेस्टर येतो. आठ-दहा दिवसांची सोंगणी काही तासांत उरकते. शेतकऱ्याचा खर्च वाचतो, पण मजूर बाईचा रोज बुडतो. तेच यंत्र गटाच्या मालकीचं असेल, तर भाड्याचा पैसा गटाकडे येतो. शेवयांचं यंत्र, डाळ मिल, मळणी यंत्र, सगळ्यांना हाच हिशेब लागू आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते लिहून झाले की हे गाणं मोबाइलवर लावा. मग गावात गेल्या पाच वर्षांत कोणती यंत्रं आली, ती कुणाच्या मालकीची आणि त्यानं कुणाचं काम गेलं, याची यादी वहीत लिहा. बँकेकडे कर्ज मागायला जाल तेव्हा ही यादी बरोबर असू द्या.