दूरध्वनीवरील कर : दर वाढवावा की पाया रुंदावा?



१९५० ते १९५६ या काळात भारताचे अर्थमंत्रिपद भूषविणारे चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्यात गेले. त्यांच्याच कारकिर्दीत, १९५३ साली, जॉन मथाई यांच्या अध्यक्षतेखाली करचौकशी आयोग नेमला गेला. गरीब देशाने कर कोणावर आणि किती बसवावा, हा तेव्हाचा प्रश्न आजही मिटलेला नाही. पेण-रोह्यातील सामान्य माणसाला तो आता रोज भेटतो, तो दूरध्वनीच्या रिचार्जमधून.

दूरध्वनीवरील कराचा मोह प्रत्येक विकसनशील देशाला पडतो. शेती आणि असंघटित व्यवसायांतून प्राप्तिकर मिळविणे कठीण. लाखो दुकानांच्या वह्या तपासण्यापेक्षा मोजक्या दूरध्वनी कंपन्यांकडून कर घेणे सोपे. १ जुलै १९९४ रोजी भारतात सेवाकर सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या तीन सेवांत दूरध्वनी होता. अन्य दोन म्हणजे सर्वसाधारण विमा आणि शेअर दलाली. दर होता ५ टक्के आणि पहिल्या वर्षीचे उत्पन्न ४०७ कोटी रुपये. २०१६-१७ पर्यंत अधिभारांसह दर १५ टक्क्यांवर, म्हणजे तिपटीवर गेला. उत्पन्न मात्र अडीच लाख कोटींच्या घरात पोहोचले; ही वाढ सहाशे पटींहून अधिक आहे. यात महागाईचा वाटा आहे, अर्थव्यवस्थेच्या वाढीचाही आहे. परंतु मुख्य कारण हे की, करपात्र सेवा तीनवरून शंभरावर गेल्या आणि त्या सेवा घेणारे हात वाढले. तिजोरी दरापेक्षा पायाने भरली.

परवान्यांच्या इतिहासातही हाच धडा आहे. १९९४ च्या धोरणानंतर खासगी कंपन्यांनी प्रचंड रकमांच्या बोली लावल्या. कागदावर सरकार श्रीमंत झाले. प्रत्यक्षात शुल्क थकले आणि मोबाईलवरील बोलणे श्रीमंतांची चैन ठरले. १९९९ साली अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने नवे धोरण आणून ठरावीक शुल्काऐवजी उत्पन्नातील वाटा स्वीकारला. त्यावर टीकाही झाली. त्या धोरणाचे उद्दिष्ट होते २०१० पर्यंत शंभर माणसांमागे १५ दूरध्वनी. प्रत्यक्षात संख्या पन्नासच्या पुढे गेली. ग्राहक वाढले तसा शासनाचा वाटाही वाढला.

मग आजचे चित्र कसे आहे? १ जुलै २०१७ पासून दूरध्वनी सेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. शंभर रुपयांचे रिचार्ज केले की त्यातील सुमारे सव्वापंधरा रुपये कराचे असतात. निम्मे केंद्राकडे, निम्मे राज्याकडे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाना हा कर आपल्या विक्रीवरील करातून वजा करून घेतो. पेणच्या शाडूच्या मूर्तिकाराला ती सोय नाही. सप्टेंबर २०१७ पासून मातीच्या मूर्ती करमुक्त आहेत. करमुक्त मालावर वजावट मिळत नाही. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या मागण्या ज्या फोनवर येतात, त्या फोनचा कर त्याच्याच पदरी पडतो. दर एकच, पण भार दुबळ्या खांद्यावर अधिक.

दूरध्वनी ही चैन राहिलेली नाही, ते उपजीविकेचे साधन झाले आहे. केरळच्या उत्तर किनाऱ्यावरील मच्छीमारांचा रॉबर्ट जेन्सन यांनी केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मोबाईल आल्यावर मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मिळणारी मासळी सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त झाली, असे त्यात दिसले. वाढलेल्या व्यवहारातून शासनाला अन्य मार्गांनी महसूल मिळतो, पण तो दूरध्वनीच्या खात्यात दिसत नाही. म्हणूनच केवळ रिचार्जवरील वसुली मोजणारा हिशेब अपुरा ठरतो.

याला एक रास्त आक्षेप आहे. आता बहुतेकांच्या हाती फोन आहे. दर घटविला म्हणून १९९९ नंतरची वाढ पुन्हा होणार नाही, आणि तूट मात्र त्याच वर्षी दिसेल. हे खरे आहे. त्यामुळे सरसकट कपातीऐवजी सर्वांत स्वस्त रिचार्जवर कमी दर ठेवावा. तेथे होणारी तूट मर्यादित राहील आणि लाभ थेट गरजूला मिळेल.

दुसरे काम त्याहून निकडीचे आहे. डोंगरातील ठाकूर-कातकरी वाड्यांसारख्या विरळ वस्त्यांवर मनोरा उभारणे कंपन्यांना परवडत नाही. अशा ठिकाणी सेवा पोहोचावी म्हणून २००२ पासून कंपन्यांच्या उत्पन्नातील ५ टक्के वाटा सार्वत्रिक सेवा निधीसाठी घेतला जातो; २०२३ च्या कायद्याने त्याला ‘डिजिटल भारत निधी’ असे नाव मिळाले. गोळा झालेली सारी रक्कम या निधीकडे वेळेवर वर्ग होत नाही, हे महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले आहे. वाडीच्या नावाने घेतलेला पैसा वाडीवर पोहोचला, तर नवे ग्राहक मिळतील आणि कराचा पायाही रुंदावेल.

शांतिपर्वात भीष्मांनी राजाला सांगितले आहे की, भुंगा झाडाला इजा न करता मध घेतो, तसा कर घ्यावा. पेण-रोह्याच्या नागरिकांनी कर जरूर भरावा. त्याचबरोबर आपल्या तालुक्यातील किती वाड्यांवर या निधीतून सेवा पोहोचली, याचा हिशेब लोकप्रतिनिधींकडे लेखी मागावा. तो मागणे हेही नागरिकाचे कर्तव्यच आहे.