वजनाच्या माथी मारलेले दुखणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आनंदाच्या प्रसंगी दुखण्याचा विषय काढणे काही जणींना रुचणार नाही. परंतु शिरूर काय आणि दौंड काय, चार बायका एकत्र बसल्या की गुडघ्याची आणि कमरेची गोष्ट निघतेच. निघते आणि तिथेच विरते. म्हणून आज ती जरा व्यवस्थित बोलावी, असे मनात आले.

समजा, एखाद्या बाईची कंबर वर्षभर दुखते आहे. ती दवाखान्यात जाते. डॉक्टर तिच्याकडे एकवार पाहतात, म्हणतात, "वजन कमी करा," आणि गोळ्या लिहून देतात. पाठीला हात लावलेला नाही, रक्त तपासलेले नाही. बाई ओशाळते. पुन्हा जायला तिला लाज वाटते आणि दुखणे ती अंगावर काढते. घरचेही म्हणतात, "डॉक्टरांनी सांगितलेच आहे ना, खाणे कमी कर!" अशा रीतीने दुखण्याचा दोष दुखणे भोगणारीच्याच पदरात पडतो.

आता खरे ते आधी मान्य करू. वजनाचा भार सांध्यांवर पडतो. गुडघेदुखी असलेल्या वयस्क माणसांच्या अभ्यासात असे दिसले की एक किलो वजन उतरले, तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. तेव्हा वजनाचा सल्ला खोटा नव्हे. मात्र सल्ला म्हणजे निदान नव्हे. दुखते कशाने, हे शोधून मग वजनाविषयी बोलणे वेगळे, आणि शोध न घेताच वजनावर बोट ठेवणे वेगळे.

कारणे तरी किती असतात! थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले, की अंग दुखते आणि वजनही वाढते. इथे दोन्हींचे मूळ एकच असते. ड जीवनसत्त्व कमी पडले, तर हाडे आणि स्नायू दुखतात. आमवातात हाताच्या बोटांचे लहान सांधे सुजतात आणि सकाळी उठल्यावर तासभर तरी अंग आखडलेले राहते. चिकुनगुनियानंतर सांधे महिनोन्‌महिने ठणकतात. मणक्याचा क्षय पाठदुखीच्या रूपाने येतो. पाळीच्या वेळी ओटीपोट आणि कंबर असह्य दुखत असेल, तर गर्भाशयाशी संबंधित विकारही असू शकतो. शिवाय कांद्याच्या शेतात दिवसभर वाकून, किंवा रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यांत पाळीभर उभे राहून कंबर धरते, ती सडपातळ बाईचीही धरते.

सन २०१८ मध्ये कॅनडातील व्हिक्टोरिया शहरात एका चौसष्ट वर्षांच्या बाईंचे निधन झाले. काही वर्षे त्यांना बरे वाटत नव्हते. डॉक्टरांकडून वजन उतरवण्याखेरीज दुसरा सल्ला मिळाला नाही. शेवटी कर्करोग सापडला, तेव्हा हाती थोडेच दिवस उरले होते. जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या मृत्युवार्तेत निरोप लिहवून घेतला : जाड बायांनो, वजनाची सबब मुकाट्याने ऐकून घेऊ नका.

आपल्याकडे डॉ. आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेस जाण्यापूर्वी, १८८३ साली, बंगालमधील श्रीरामपूर येथे भाषण करून हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज का आहे ते सांगितले होते. त्या काळी बाईचे दुखणे संकोचामुळे डॉक्टरपर्यंत पोहोचतच नसे. आज बाई डॉक्टरसमोर बसते, तरी तिचे बोलणे अर्ध्यावर तुटते. उरलेले अर्धे बोलणे पुरे करण्याचा मार्ग म्हणजे दुसऱ्या डॉक्टरचे मत.

हे मत घेणे म्हणजे पहिल्या डॉक्टरचा अपमान नव्हे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो हक्क म्हणून नोंदलेला आहे. इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णाने कागद मागितले, तर ते ७२ तासांत द्यावेत, असा नियम डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे.

जाताना मात्र तयारीने जावे. केसपेपर, रिपोर्ट, एक्स-रे आणि गोळ्यांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवाव्यात. दुखणे केव्हा सुरू झाले, कुठे, कोणत्या वेळी वाढते, कोणते काम त्यामुळे अडते, हे कागदावर चार ओळींत लिहावे. डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, "हेच दुखणे घेऊन एखादी सडपातळ बाई आली असती, तर आपण काय तपासले असते? तेच माझेही तपासाल का?" या प्रश्नात उद्धटपणा काही नाही.

शिरूरला ग्रामीण रुग्णालय आहे, दौंडला उपजिल्हा रुग्णालय आहे. तेथून गरज पडल्यास पुण्याच्या ससूनला चिठ्ठी घेऊन जाता येते. दौंडकरणींना रेल्वे आहे, शिरूरकरणींना एस.टी. आहे. एक दिवस मोडतो हे खरे. पण वर्षभर मनाने दुखण्याच्या गोळ्या घेत राहिले, तर पोटाला आणि मूत्रपिंडाला धोका असतो. तो खर्च अधिक मोठा आहे.

काही लक्षणांत तर थांबूच नये. पायातील शक्ती जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांमधील जागा बधिर होणे, असे झाले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. दुखण्याबरोबर ताप येणे, प्रयत्न न करता वजन घटणे, किंवा रात्री झोपेतून उठवणारी वेदना असेल, तर त्याच आठवड्यात दाखवावे.

शेवटी मंडळाला एक विनंती. दवाखान्यात एकटी गेलेली बाई चटकन गप्प बसते. सोबत कोणी असले, तर तिला धीर येतो आणि विसरलेला प्रश्न आठवतो. प्रत्येक आळीत दोघी जणींनी सोबतीला जाण्याचे काम अंगावर घ्यावे. हळदीकुंकवाला आपण एकमेकींना आवर्जून बोलावतो, तितक्याच आपलेपणाने म्हणावे, "चल ग, उद्या तुझ्याबरोबर मी येते."